जावयाचे नाव

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात एक फेसाळती वाइन तयार होते. तिच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘शांदों’ असे लिहिलेले असते. मालक फ्रेंच, पद्धत फ्रेंच, तरीही ‘शँपेन’ हा शब्द त्या बाटलीवर औषधालाही सापडत नाही. त्याआधी तीसेक वर्षे पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात एका मराठी उद्योजकाने अशीच वाइन करायला घेतली, तेव्हा त्याने कंपनीचेच नाव ‘शँपेन इंडिया’ ठेवले होते. ज्याचा शब्द त्याने तो टाळला आणि ज्याचा नाही त्याने पाटीवर लावला. वरवर गमतीची वाटणारी ही गोष्ट या धंद्याचे मर्म सांगते. इथे नाव ही स्थावर मिळकत असते. ती राखायची आणि माल तयार होईपर्यंत थांबायची ऐपत ज्याच्याकडे असते, तोच मोठा होतो.

या फ्रेंच मालकाची मुळे जुनी. १७४३ साली क्लोद मोएट या व्यापाऱ्याने फ्रान्सच्या शँपेन प्रांतातल्या एपर्ने गावी वाइनची पेढी सुरू केली. काळ त्याला अनुकूल होता. वाइन पिंपांऐवजी बाटल्यांतून पाठवायला फ्रान्सच्या राजाने १७२८ मध्येच परवानगी दिली होती, आणि फेस टिकतो तो बाटलीत. तोवर या प्रांतातल्या मठांना आणि शेतकऱ्यांना फेस ही डोकेदुखीच वाटे. तिकडे हिवाळा कडक. शरदात आंबायला लागलेला रस थंडीने मध्येच थांबे, वसंतात ऊब आली की पुन्हा आंबू लागे, आणि बंद बाटलीत कोंडलेला वायू बाटलीच फोडून टाके. दॉम पेरीन्यों या साधूने शँपेनचा शोध लावला अशी कथा आपल्याकडच्या मराठी लेखांतही वाचायला मिळते. प्रत्यक्षात १७१५ मध्ये वारलेल्या या साधूचा बराचसा खटाटोप वाइनमध्ये फेस येऊ नये यासाठीच होता. मुद्दाम साखर घालून वाइन फेसाळती करण्याची युक्ती क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. पुढे त्या साधूच्या मठाचे मळे मोएट घराण्याकडे आले आणि कंपनीने आपल्या सर्वांत महागड्या वाइनला त्याचेच नाव दिले. ती वाइन बाजारात आली १९३६ मध्ये. फेस टाळू पाहणाऱ्या माणसाचे नाव जगातल्या अत्यंत महाग फेसाला मिळाले. जाहिरातीला इतिहासाचे फारसे बंधन नसते.

क्लोदचा नातू जाँ-रेमी मोएट याने पेढीची कंपनी केली. हा गावचा महापौर आणि नेपोलियनचा स्नेही. १८१४ मध्ये नेपोलियन हरला, एपर्नेत रशियन फौजा घुसल्या आणि मोएटची तळघरे लुटली गेली. सहा लाख बाटल्या गेल्या असे सांगतात. आज फुकट पिणारे हे लोक उद्या गिऱ्हाईक होऊन परत येतील, असे म्हणून तो शांत राहिला, अशी आख्यायिका आहे. शब्द कुणाचे का असेनात, घडले मात्र तसेच. एकोणिसाव्या शतकात रशिया ही शँपेनची फार मोठी बाजारपेठ झाली. १८३२ मध्ये जाँ-रेमीने कारभार मुलाच्या आणि जावयाच्या हाती सोपवला. जावयाचे नाव पिएर-गाब्रिएल शांदों. तेव्हापासून कंपनी ‘मोएट ए शांदों’ झाली. हा जावई ध्यानात ठेवावा, कारण पुढे परदेशात चालणार आहे ते त्याचे नाव.

ही वाइन करतात कशी, ते जरा जवळून पाहू. एपर्नेत असो की दिंडोरीत, आधी साधी, आंबटसर, फेस नसलेली वाइन तयार होते. ती जाड काचेच्या बाटलीत भरताना तिच्यात लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालतात आणि सोड्याच्या बाटलीला असते तसे पत्र्याचे बूच बसवतात. बाटल्या अंधाऱ्या, गार जागेत आडव्या ठेवल्या की यीस्ट साखर खाते. त्यातून थोडा मद्यार्क वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला बाहेर जायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. साखर संपली की यीस्ट मरून तळाशी बसते. या गाळावर वाइन महिनोन्महिने पडून राहते आणि पावाच्या भट्टीजवळ येतो तसा वास तिला तिथेच मिळतो. खऱ्या शँपेनला फ्रेंच नियमानुसार बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने थांबावेच लागते.

आता प्रश्न त्या गाळाचा. फेस न गमावता तो काढायचा कसा? व्हव्ह क्लिको या पेढीच्या तळघरात १८१६ च्या सुमारास त्याचे उत्तर सापडले. नवऱ्यामागे धंदा सांभाळणारी एक विधवा ही पेढी चालवत होती. भोके पाडलेल्या फळीत बाटल्या तिरप्या खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या आणि थोड्या उभ्या करायच्या. काही आठवड्यांत बाटली पूर्ण उलटी होते आणि सगळा गाळ बुचावर येऊन बसतो. हे काम करणारा तरबेज माणूस दिवसाला ४० हजारांपर्यंत बाटल्या फिरवी. आता हेच काम लोखंडी पिंजऱ्याचे यंत्र करते. एका पिंजऱ्यात ५०४ बाटल्या मावतात आणि आठवड्याभरात काम उरकते. मग बाटलीची मान उणे पंचवीस अंशांच्या आसपासच्या द्रवात बुडवतात. गाळाचा बर्फ होतो. बूच काढले की दाबाने तो गोळा सुटून बाहेर उडतो. जेवढी वाइन सांडली तेवढी गोडसर वाइन वरून घालायची, कॉर्क ठोकायचा, त्यावर तारेची जाळी पिळायची. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेले असेल, तर लिटरमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर आहे असे समजावे.

हे सगळे जमायला शे-दीडशे वर्षे गेली. सुरुवातीला तळघरात बाटल्या इतक्या फुटत की कामगार चेहऱ्यावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालत. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत. किती साखरेने किती दाब होतो याचे गणित शालों गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने १८३६ मध्ये मांडले, तेव्हा कुठे फुटतूट आटोक्यात आली. शँपेनचे श्रेय द्यायचेच असेल, तर मी साधूच्या आधी या औषधविक्रेत्याला देईन.

विसाव्या शतकात या कंपनीला एक असामान्य माणूस मिळाला: काउंट रोबेर-जाँ द व्होग्ये. १९३० पासून मोएट ए शांदोंची सूत्रे त्याच्याकडे होती. उमराव घराण्यातला, पण कामगारांच्या बाजूने इतके बोलणारा की त्याला ‘लाल सरदार’ म्हणत. १९४० मध्ये जर्मनांनी शँपेन प्रांत ताब्यात घेतला आणि बाटल्यांची सक्तीची वसुली सुरू केली. द्राक्षे पिकवणारे आणि पेढीवाले यांचे एरवी कधी पटत नसे. द व्होग्येने पुढाकार घेऊन १९४१ मध्ये दोघांची एकच संयुक्त समिती उभी केली. वाटाघाटी करायच्या त्या एकमुखाने. नोव्हेंबर १९४३ मध्ये अशाच एका बैठकीतून गेस्टापोने त्याला उचलले. प्रतिकार चळवळीशी संबंध ठेवल्याबद्दल त्याला देहान्ताची शिक्षा झाली. निषेधार्थ शँपेनमधल्या पेढ्या आणि कामगार संपावर गेले. शिक्षा अमलात आली नाही, पण जर्मनीतल्या छळछावणीत त्याची रवानगी झाली आणि १९४५ मध्ये तो हाडांचा सापळा होऊन परतला. त्याची समिती आजही आहे आणि ‘शँपेन’ या शब्दासाठी जगभरच्या कोर्टांत तीच भांडते.

याच माणसाने १९५९ मध्ये कंपनीला फ्रान्सबाहेर नेले. अडचण साधी होती. शँपेन प्रांताच्या सीमा १९२७ च्या कायद्याने आखून दिलेल्या. त्या हद्दीतल्या द्राक्षांचीच वाइन शँपेन. मागणी वाढेल, जमीन वाढणार नाही. दुसरीकडे लॅटिन अमेरिकेतले देश परदेशी मालावर जबर जकात बसवून होते. भिंतीवरून माल फेकण्यापेक्षा भिंतीच्या आत जाऊन माल करावा, असा हिशेब झाला. तज्ज्ञ पाठवून पाहणी केली आणि अँडीज पर्वताच्या पायथ्याशी अर्जेंटिनातल्या मेंदोसा भागात पहिली वायनरी उभी राहिली. इटली आणि स्पेनमधून आलेल्या लोकांचा हा देश जेवणासोबत वाइन पिणारा होता, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला लांब जावे लागले नाही.

नावाचा निर्णय इथेच झाला. मोएट हे संस्थापकाचे नाव. ते फक्त शँपेन प्रांतातल्या वाइनला. परदेशातल्या वाइनला जावयाचे: शांदों. घरचे सोने घरात आणि जावई मुलूखगिरीवर! यात मानभावीपणा आहे, पण शहाणपणही आहे. मेंदोसात चार हंगाम बिघडले असते, तरी एपर्नेच्या बाटलीची किंमत उतरली नसती.

१९७३ मध्ये ब्राझीलमधल्या गारिबाल्डीत आणि कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात वायनऱ्या सुरू झाल्या. अमेरिकेत तेव्हा कुणीही आपल्या फेसाळत्या वाइनला बिनदिक्कत ‘शँपेन’ म्हणू शके, कायदाच तसा होता. फ्रेंच कंपनीने तिथेही ‘स्पार्कलिंग वाइन’ असेच लिहिले. शेजारचे लोक नाव वापरत असताना ज्याचे नाव त्याने ते न वापरणे याला जिगर लागते. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातले यारा खोरे झाले. दरम्यान घरी कंपनी मोठमोठ्या कुटुंबांत नांदायला गेली: १९६२ मध्ये पॅरिसच्या शेअर बाजारात, १९७१ मध्ये हेनेसी या कोन्याकवाल्यांशी विलीन, १९८७ मध्ये लुई व्हिताँ या बॅगवाल्यांशी. मग २०१३ मध्ये एकाच वर्षी चीन आणि भारत. अशी शांदोंची सहा घरे झाली.

भारताकडे वळण्याआधी नारायणगावला थांबायला हवे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव तमाशापंढरी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक. शेजारी खोडदला प्रचंड रेडिओ दुर्बिणी. अशा गावात शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाइन करायचे ठरवले. तांत्रिक मदत पायपर-हाइडसिक या जुन्या शँपेन घराण्याशी संबंधित मंडळींकडून घेतली. देशात वाइन पिणारे मोजके, म्हणून डोळा निर्यातीवर. त्यांची वाइन इंग्लंडमध्ये विकली गेली ती ‘उमर खय्याम’ या नावाने. तीच भारतात ‘मार्कीझ द पाँपादूर’ होऊन आली. इंग्रजाला पूर्वेचे नाव हवे आणि आपल्याला फ्रेंच राजाच्या मैत्रिणीचे. गिऱ्हाइकाची नस चौगुल्यांनी बरोबर ओळखली होती. भारतातून चांगली वाइन येऊ शकते हे परदेशी समीक्षकांना पहिल्यांदा मान्य करायला लावले ते याच वाइनने. पुढे कंपनी मोठी झाली, परदेशात खरेदी करत सुटली, कर्जे वाढली आणि २००८ च्या मंदीत कोसळली. प्रकरण दिवाळ्यापर्यंत गेले. महाराष्ट्रातल्या वाइनच्या इतिहासात चौगुल्यांचे स्थान मात्र पहिलेच राहते.

वाइन म्हणजे काल आलेले विलायती खूळ, असेही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात भडोचच्या बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे, आणि नेवाशाच्या उत्खननात रोमन कुंभांची खापरे निघाली आहेत. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहावे: टोकदार टोप्या घातलेली परदेशी मंडळी बसली आहेत आणि पेले हातात आहेत. ती इराणी आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नाशिकमध्ये वाइनचा धंदा आकाराला आला तो सरकारच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात माफी मिळाली, आणि विंचूरला वाइन पार्क झाला. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन त्याच सुमारास आली होती. आयात वाइनवर मात्र १५० टक्के सीमाशुल्क होते. अर्जेंटिनात दिसली होती तीच भिंत. फ्रेंच कंपनीने पुन्हा तोच जुना डाव टाकला. सुरुवातीला एका स्थानिक वायनरीत जागा घेऊन वाइन केली, नंतर दिंडोरीत स्वतःची वायनरी बांधली. मुंबईच्या दुकानात पहिली बाटली बाराशेच्या आसपास मिळू लागली, तर एपर्नेहून येणारी मोएट त्याच्या कितीतरी पट.

द्राक्ष बागायतदाराला मात्र हे काम उलटे वाटते. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगला पाहिजे, लांब झाला पाहिजे. त्यासाठी घड जीए या वाढसंप्रेरकाच्या द्रावणात बुडवायचे. वाइनला हवा लहान मणी, जाड साल. थॉम्पसन सीडलेसला गोडी उतरेपर्यंत वाट पाहायची, तर फेसाळत्या वाइनची शेनिन ब्लांक, शार्दोने ही द्राक्षे गोडी भरायच्या आतच काढायची, साखरेचे माप म्हणजे ब्रिक्स सतरा-अठराच्या आसपास असताना. नाशिकच्या उन्हात आंबटपणा भराभर उतरतो आणि आंबटपणाशिवाय फेसाळती वाइन बेचव. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, इथे झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशी दोनदा कात्री लावायची आणि जानेवारीच्या थंडीत खुडणी. एपर्नेच्या पुस्तकात यातले काहीच नाही. हे ज्ञान दिंडोरी आणि निफाडच्या शेतकऱ्यांचे, कंपनी ते इथे येऊन शिकली. भरवशाचा करार असेल तोवर ठीक. २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांनी माल उचलायला नकार दिला, तेव्हा वाइनच्या बागा अनेकांनी उपटून टाकल्या होत्या. वाइनचे द्राक्ष मंडईत खपत नाही, ही त्याची मोठी खोड.

आणि सगळ्यात महाग काय पडते, तर थांबणे. हे वाशीमच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजार समित्यांत भाव त्याच्या बरेच खाली. ज्याच्या घरात जागा आणि गाठीला पैसा तो पोती थप्पीला लावून बसला; ज्याला खताची उधारी चुकवायची होती त्याने मिळेल त्या भावाने माल ओतला. फेसाळत्या वाइनचा कारखानदार म्हणजे कायमच थप्पी लावून बसलेला माणूस. द्राक्षाचे पैसे जानेवारीत द्यायचे, बाटली विकायची वर्षा-दीड वर्षाने, मधला खर्च अंधारात पडून. शिवाय गेल्या वर्षीची थप्पी विकली जायच्या आत या वर्षीची लावायची. बॅगा आणि अत्तरे विकणाऱ्या महाकाय समूहाला हे परवडते. चौगुल्यांच्या कंपनीला थांबायची ऐपत असती तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. पण तिला घाईने वाढायचे होते आणि तेही उसन्या पैशाने.

भारतातली बाजारपेठ अजून लहानच आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या फळाला भाव मिळेल असे एक म्हणत, घरोघर दारू जाईल असे दुसरे. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. दोन्ही बाजूंची भाषणे ऐकताना मला वाटे की बाराशेच्या बाटलीने ना शेतकरी तरणार आहे ना संसार बुडणार आहे. संसार बुडवणारी दारू वेगळी आणि ती बरीच स्वस्त असते.

एपर्नेच्या समितीने ‘शँपेन’ या नावाची भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदणी करून घेतली आहे. चेन्नईच्या त्याच नोंदवहीत ‘नाशिक व्हॅली वाइन’ही आहे. म्हणजे आज नारायणगावात कुणी नवी कंपनी काढली, तर तिला ‘शँपेन’ची पाटी लावता येणार नाही. द व्होग्येच्या समितीचे हे यश.

जावई मात्र स्वस्थ बसलेला नाही. अर्जेंटिनातल्या वायनरीने व्हॅलेन्सिया जातीची संत्री, औषधी पाने आणि मसाले यांचा कडवट अर्क फेसाळत्या वाइनमध्ये मिसळून नवे पेय काढले. ते ‘गार्डन स्प्रिट्झ’ नावाने युरोप-अमेरिकेत विकले जाते. संत्र्याच्या सालीतला कडवटपणा तिथे पैसे देऊन घेतात. इकडे वाशीम जिल्ह्यात कारंजा-मंगरुळपीरच्या संत्रा बागायतदाराला आंबिया बहार घ्यावा की मृग, गळ किती होईल, बाग उभ्याने व्यापाऱ्याला द्यायची की तोडून नागपूरला न्यायची, याच प्रश्नांत हंगाम काढावा लागतो. समृद्धी महामार्ग त्याच्या बागेजवळून जातो. त्यावरून नाशिकहून नागपूरला निघालेली गाडी शेलूबाजार आणि कारंजावरूनच पुढे जाते. व्यापारी टपोरे फळ उचलतो आणि लहान, डागी फळ ढिगाला सोडून देतो. अर्क काढायला ते लहान फळही चालते. फक्त तो काढणारा कारखाना जवळ हवा, आणि काढलेला अर्क विकला जाईपर्यंत दम धरणारा मालक.